बाय खाते तवा

वजनकाट्याच्या झोळीत बसवलं की वर्षा कधी रडायची नाही, आणि रेश्माला नेमकी त्याचीच भीती वाटायची. बाकीची पोरं कशी, झोळीत पाय घातला की अख्खी वाडी गोळा करतात, लाथा अशा झाडतात की काट्याची सुई थांबायचं नाव घेत नाही. आणि ही दोन वर्षांची पोरगी, वाशाला टांगलेल्या झोळीत गप्प लटकायची, दोरीवर फडकं वाळत घातल्यासारखी. सुई लगेच थांबायची. सात किलो चारशे. मागच्या महिन्यातही सात चारशेच.

"वाढला काय, बाय?" मंगळीनं विचारलं.

मंगळी म्हणजे वर्षाची आई. ती आणि तिचा नवरा म्हादू पावसाळाभर दुसऱ्यांच्या शेतावर राबायचे आणि दिवाळी झाली की वीटभट्टीवर जायचे, वाडीतली सगळीच घरं तशी. रेश्मा म्हणाली, नाही वाढलं, अंगणवाडीतून दिलेलं पाकिटातलं पीठ देतेस ना तिला? मंगळी हसली. देते, म्हणाली, पण पोरगी थुंकते, मग शेळीपुढं ठेवलं तर शेळीही हुंगून निघून गेली.

दारात बसलेल्या बायांपैकी एकीनं तोंडाला पदर लावला, पण ऐकू जाईल असंच म्हणाली, "शेळी नाय खात तं नाय. कोन तरी खातंय ना पन."

आणि सगळ्यांची नजर कुठं गेली तर रेश्माच्या दंडावर.

आता रेश्मा कशी, ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. रेश्मा कुंडलिक गोजर, अंगणवाडीची बाई, वय चौतीस, वजन सत्त्याण्णव किलो. गाव शहापूर तालुक्यात, कसाऱ्याच्या अलीकडं, उंबरमाळी स्टेशनला उतरून पाऊण तास चालायचं. गावात कुणब्यांची घरं, आणि टेकडीवर ही आदिवासी वाडी. सरकारी पगार थोडा, पण मान मोठा, कारण वाडीतल्या प्रत्येक पोराचं वजन तिच्या वहीत आणि प्रत्येक गरोदर बाईची तारीख तिच्या डोक्यात. रोज दोनदा टेकडी चढायची, दोनदा उतरायची. आणि तरी सत्त्याण्णव. तिथंच तर सगळ्यांचं अडायचं.

कारण सात वर्षांपूर्वी ती या गावात लग्न होऊन आली तेव्हा चौसष्ट होती. घराच्या भिंतीवर फोटो आहे अजून, हिरवा शालू, हार, गाल आत गेलेले, मान लांब. आल्यागेल्याची नजर आधी फोटोवर, मग रेश्मावर, मग परत फोटोवर. पाणी पितात आणि जातात.

आणि त्या चौसष्टच्या आधीची गोष्ट या गावात कुणालाच माहीत नव्हती. निदान रेश्माला तसं वाटायचं.

माहेर मुरबाडकडं, सिद्धगडाच्या पायथ्याला. तिथं ती एकशे बारा किलोची होती. चोविसाव्या वर्षी साखर लागली, गुडघे गेले, पाहुणे पोहे खाऊन जायचे आणि परत फोन करायचे नाहीत. एक जण तर तिच्या भावाला, कमळाकरला, बाजूला घेऊन म्हणाला होता की पोरगी चांगली आहे, पण आमच्या घराचा जिना लाकडी आहे. मग कमळाकरनंच कुठून तरी चौकशी केली आणि तिला मुंबईच्या एका मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं कॅम्प होता. डॉक्टरांनी पोटाचा बराचसा भाग कापून काढला, केळ्याएवढं पोट ठेवलं. बाहेरून बघायला गेलं तर बोटाच्या पेराएवढ्या पाच खुणा, बस.

वर्षभर तिला चार चमच्यांवर पाचवा जात नव्हता. भात अडकायचा, भाकरी तर घशाखाली उतरून छातीतच बसायची, मोरीत जाऊन काढावी लागायची. केस मूठमूठ गळले. पण वजन असं उतरलं की जुने ब्लाऊज अंगावर घोंगडीसारखे. साखर गेली. गुडघे गेले होते ते आले. आणि मग कुंडलिकचं स्थळ आलं, वाशिंदच्या कंपनीत पर्मनंट, माणूस शांत. बोलणी झाली तेव्हा सासूनं पोटावरच्या खुणांचं विचारलं, कारण मुलीला आत नेऊन बघायची त्यांच्यात पद्धत, आणि कमळाकरची बायको पटकन बोलून गेली की पित्ताचे खडे होते, काढले.

झालं. एवढंच खोटं. पण ते निस्तरायला सात वर्षं पुरली नाहीत.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, दर सहा महिन्यांनी यायचं, जन्मभर. गोळ्या घ्यायच्या, जन्मभर. आता सासरी नव्या सुनेनं सांगायचं काय? खडे काढलेली बाई सहा-सहा महिन्यांनी मुंबईला कशाला जाते? गोळ्या तिनं शिवणाच्या डब्यात, बटणांखाली ठेवल्या. त्या संपल्या, तेव्हा नवीन आणायला निमित्त सापडलं नाही. मग समीक्षा झाली, तिची मुलगी, आणि बाळंतपणानंतर भूक परत आली. म्हणजे कशी आली माहितीये का, घर सोडून गेलेलं माणूस एक दिवस दारात उभं राहतं आणि आपण काही म्हणायच्या आत पाटावर बसतं, तशी आली. भाकरी अजूनही अडकायची. पण चहात बुडवलेलं बिस्किट अडकत नव्हतं, लाडू अडकत नव्हता, दूधसाखरेचा भात कसा सरसर खाली जायचा. ताटात बसली की चार घास, पुढं जात नाही म्हणून हात धुवायची. तासाभरानं परत पोटात खड्डा. असं दिवसभर, थोडं थोडं.

पहिल्या वर्षी सासू गावभर सांगायची की आमची सून चिमणीसारखी खाते. तीच सासू पाचव्या वर्षी डब्यातल्या लाडवांवर हात फिरवून बघायला लागली. एकदा जेवताना म्हणाली, "ताटात तं काय दिसत नाय गो. मंग ह्या येता कुठून?" कुंडलिक खाली मान घालून जेवत राहिला. तो वाईट नव्हता, त्याला फक्त बोलायचा कंटाळा होता.

रेश्मानं एकदा दवाखान्यात फोन केला होता, नदीवर धुणं न्यायचं निमित्त करून. तिकडची मुलगी फार गोड बोलली. मॅडम, तुम्ही फॉलोअपला आलाच नाहीत, आता डाएट पाळा, आणि रोज निदान अर्धा तास चालायला जा. रेश्मा तेव्हा टेकडी उतरूनच आली होती. ती हो म्हणाली आणि धुणं धुवायला बसली.

तर ते झोळीत गप्प बसणाऱ्या वर्षाचं. त्या दिवशी बाया गेल्यावर रेश्मानं मंगळीला थांबवलं. पाकिटातलं गोड पीठ तव्यावर खरपूस भाजलं, गरम पाण्यात कालवलं, वर दोन चमचे तेल सोडलं आणि वर्षापुढं चमचा धरला. वर्षानं ओठ असे मिटले जसं कुणी शिवलेत. रेश्मानं गाणं म्हटलं, चिऊ दाखवली, काऊ दाखवला. काही नाही. शेवटी थकून तिनं तो चमचा स्वतःच्याच तोंडात घातला आणि म्हणाली, बघ, संपलं, बाईनं खाल्लं.

वर्षा तिच्या तोंडाकडं बघत बसली. जबडा हलताना बघितला, गिळताना बघितलं. आणि मग आपलं तोंड उघडलं.

एक चमचा बाईला, एक चमचा वर्षाला. बाईनं खाल्लं नाही की वर्षाचं तोंड बंद. मंगळीनं करून बघितलं, मदतनीस बाईनं करून बघितलं, त्यांच्याकडं ती बघायचीही नाही. का, ते कुणाला ठाऊक. कदाचित वाडीत एवढं मोठं तोंड भरून खाणारं माणूस तिनं दुसरं बघितलंच नसेल. मग रोजच ते सुरू झालं, सकाळी एक वाटी, दुपारी एक वाटी.

आता खोटं कशाला बोला, रेश्माला ते पीठ आवडायचं. वाडीतल्या शेळीला नको असलेलं पीठ तिच्या कापलेल्या पोटाला मऊ लागायचं, न अडकता जायचं. वर्षाचं झालं की ती वाटी बोटानं पुसून घ्यायची. फाटलेली पाकिटं, तारीख उलटलेली पाकिटं बाया परत आणून टाकायच्या, घे बाय, आमच्यात कोन खात नाय. ती फेकायची असतात. तिनं दोन-चार फेकली नाहीत. दुपारी एकटी असताना मूठ मूठ खाल्ली, भिंतीकडं तोंड करून, आणि खाऊन झाल्यावर तिथंच बसून रडली. दुसऱ्या दिवशी परत खाल्लं. भाद्रपदापासून कार्तिकापर्यंत तिचं वजन तीन किलोनं वाढलं. ते तिला नक्की माहीत होतं, कारण गरोदर बायांचा काटा अंगणवाडीच्या कोपऱ्यातच असायचा आणि सगळे गेले की ती त्याच्यावर उभी राहायची.

आणि वर्षा? सात सहाशे. मग सात नऊशे.

दिवाळीनंतर मंगळीनं म्हादूला एकट्याला भट्टीवर पाठवलं. ती थांबली. वाडीत हे कधी झालं नव्हतं. लोक तिला वेडी म्हणाले. ती म्हणाली, पोर खाते इथं, मी कुठं जाऊ.

रेश्माविरुद्ध तालुक्याला अर्ज दिला तो संदेशनं. संदेश म्हणजे कुंडलिकचा चुलत भाऊ, ग्रामपंचायतीत मेंबर, समोरच्याच घरात राहणारा. रेश्माला नोकरी लागली तेव्हा त्याच्या बायकोनंही फॉर्म भरला होता, तेवढं सांगून पुढं जाऊ. अर्जात लिहिलं होतं की बालकांचा आहार सेविका स्वतः खातात व हे त्यांच्या प्रकृतीवरून दिसून येते. प्रकृतीवरून. तो शब्द त्यानं कुणाला तरी विचारून टाकला असणार. आठवड्याभरात निरोप आला, सोमवारी सुपरवायझर मॅडम चौकशीला येणार.

शनिवारी रेश्मा माहेरी गेली. किन्हवली, सरळगाव, मुरबाड, तिथून पुढं रिक्षा. सगळा रस्ता तिच्या डोक्यात एकच, निळी फाइल. कमळाकरच्या कपाटात, जमिनीच्या कागदांखाली होती. त्यात एकशे बारा किलोचा फोटो होता, ऑपरेशनचा कागद होता आणि एका पानावर स्पष्ट लिहिलं होतं की काही वर्षांनी वजन परत वाढू शकतं, ते आजाराचाच भाग आहे, पेशंटचा दोष नाही. हे पान मॅडमपुढं ठेवलं की झालं. मिनिटभराचं काम.

कमळाकरनं फाइल हातात घेतली आणि सोडेना.

"तुझी नोकरी वाचंल," तो म्हणाला, "आन संसार? फसवून पोरगी दिली म्हनतील. माझी पन पोरगी लग्नाची हाय, रेश्मा."

रेश्मा म्हणाली, लोक मला चोर म्हणतात दादा, लहान पोरांच्या तोंडचं खाणारी म्हणतात. तो म्हणाला, चार दिवस म्हणतील. ती म्हणाली, चार दिवस नाही, मरेपर्यंत म्हणतील, आणि समीक्षाला पण म्हणतील. मग त्यानं फाइल सोडली. जेवून जा म्हणाला. तिच्या वहिनीनं ताट वाढलं, आणि रेश्मानं बघितलं तर ताटात भाकरी अर्धीच.

सोमवारी अंगणवाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. हेतल मॅडम नवीनच बदलून आलेल्या, कल्याणकडच्या, वयानं रेश्मापेक्षा लहान. त्यांनी पाकिटं मोजली, वह्या बघितल्या, सगळं बरोबर निघालं. त्यांना सुटल्यासारखं वाटलं असावं, त्या पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या की साठा बरोबर आहे, पण लोकांच्या मनात शंका आहे तर दोन शब्द सेविकांनी बोलावेत.

संदेश म्हणाला, "मॅडम, साठा कागदावर बरोबरच अस्तो. वयनी, तुमी राग नका धरू. पन हे बघा." आणि त्यानं मोबाइल मॅडमच्या हातात दिला.

लग्नातला फोटो. हिरवा शालू. मॅडमनी दोन बोटांनी तो मोठा केला, मग मान वर करून रेश्माकडं बघितलं, मग परत खाली. बाया वाकून वाकून बघायला लागल्या. कुणी तरी फिसकन हसलं.

रेश्माचा हात पिशवीत होता. फाइलची कड हाताला लागत होती. तिनं ती अर्धी बाहेर काढली, निळा पुठ्ठा, त्यावर दवाखान्याचा शिक्का. तिच्या डोक्यात वाक्य तयार होतं, रविवारभर पाठ केलेलं, मॅडम, माझं एक मोठं ऑपरेशन झालंय.

आणि दारातून सासू उठली.

सासू आलेली तिला माहीतच नव्हतं. ती बायांमधून वाट काढत पुढं आली, पदर खोचला आणि मॅडमपुढं उभी राहिली.

"मॅडम, माझा ऐका. ही माझी सून. सात वर्सा माझ्या हातचा खाते, ताटात चिमनीयेवढा घेते. आमच्या घरात कोन चोर नाय. हिचा अंगच तसा हाय. हिच्या आईचा पन तसाच व्हता, मी सोयरिकीला गेलेली तवा बघितलाय. बाळंतपन झाला आन भरली. बायकांचा व्हतो तसा." मग ती वळली, रेश्माच्या पिशवीकडं बघितलं आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "पिशवी बंद कर गो. पोरा कागद फाडतील."

सात वर्षांत सासू तिच्या बाजूनं कधी बोलली नव्हती. आज अख्ख्या गावापुढं बोलली. आता तीच फाइल बाहेर काढायची म्हणजे सासूला सगळ्यांदेखत खोटं पाडायचं. रेश्मानं फाइल आत ढकलली. पिशवीची चेन लावली.

मॅडम म्हणाल्या, ठीक आहे, आजींचं म्हणणं लिहून घेते. संदेशनं मोबाइल परत घेतला. तिथंच संपलं असतं हो. खरंच संपलं असतं.

पण मंगळी कोपऱ्यातून म्हणाली, "मी बोलू काय?"

वर्षा तिच्या कडेवर. मंगळी सरकारी माणसापुढं जन्मात कधी बोलली नव्हती, तिचे कान लाल झाले होते, पण ती बोलली, कारण तिला बाईला वाचवायचं होतं.

"बाय चोरत नाय. बाय खाते ना, ता आमीच देताव. आमची पोरा खात नाय, फाटका पाकीट फेकून काय करायचा, म्हनून बाय खाते. आन बाय खाते तवा माझी पोर खाते. बाय नाय खाल्ली तं ही तोंडच उघडत नाय."

मॅडमचं पेन थांबलं होतं.

"म्हणजे बाई खातात?"

"खाते तं," मंगळी म्हणाली, अभिमानानं. "रोज खाते."

मॅडमनी लिहिलं. मग नियमाप्रमाणे वाचून दाखवलं, सेविका लाभार्थ्यांचा आहार स्वतः सेवन करतात असे लाभार्थी मातेने समक्ष सांगितले, बरोबर? मंगळीला त्यातलं बाई आणि आहार एवढंच कळलं असेल. ती हसून हो म्हणाली. पुढं आलेल्या शाईच्या डबीत अंगठा बुडवला, कागदावर ठेवला आणि उरलेली शाई केसांना पुसली.

"मॅडम," रेश्मा म्हणाली, "तिचं पुढचं पण लिहा."

"कुठलं?"

"बाई खाते तेव्हा पोर खाते. ते."

मॅडमनी तिच्याकडं बघितलं. त्या वाईट नव्हत्या, त्यांना खरंच कसंतरी झालं होतं, पण त्या म्हणाल्या, "ते तुम्ही तालुक्याला सांगा, गोजर बाई. मला जेवढं विचारायला सांगितलंय तेवढंच मी लिहिते."

वह्या त्यांनी पिशवीत घातल्या. सरकारी मोबाइल घेतला. किल्ली घेतली. शेजारच्या गावची सेविका उद्यापासून येऊन बघेल, तालुक्याचा निर्णय होईपर्यंत तुम्ही घरी थांबा. रेश्मा म्हणाली, आज वजनाचा दिवस आहे, एक पोरगी तेवढी घेऊ द्या. आणि कुणी हो-नाही म्हणायच्या आत तिनं वर्षाला मंगळीकडून घेतली आणि झोळीत घातली.

वर्षानं किंकाळी फोडली.

हातपाय झाडले, झोळीची दोरी धरून अशी उसळली की वाशावरून माती पडली. सुई आठवर गेली, साडेआठवर गेली, परत सातवर आली, थांबेचना. रेश्मा काट्याखाली उभी राहून बघत राहिली. मॅडमची गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, बाया पांगल्या, आणि सुई आपली नाचतेय. आकडा काही मिळाला नाही. मिळूनही लिहिणार कशात?

घरी आल्यावर सासू पडवीत सूप घेऊन बसली, नव्या भाताचे तांदूळ पाखडायला. रेश्मा उंबऱ्याच्या आत, भिंतीला टेकून. कुंडलिक सेकंड शिफ्टला होता.

"ती निळी फाइल जाळून टाक," सासू म्हणाली.

रेश्माला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"समीक्षाच्या टायमाला डॉक्टरीन बोललेली मला," सासू खडा वेचत म्हणाली. "तुमच्या सुनेचा पोट कापलेला हाय. गोळ्या बंद करू देव नका, तिला तिच्या डॉक्टरकडं पाठवा. मी कुंडलिकला नाय सांगितला. त्याच्या बापानं तुला दुसऱ्या दिवशी माहेरी धाडली अस्ती. घर मोडला अस्ता."

सात वर्षं. त्यातली सहा वर्षं हिला माहीत होतं. बटणांखालच्या गोळ्या, नदीवरून केलेला फोन, दिवसभर थोडं थोडं लपून खाल्लेलं सगळं. लाडवांवर फिरणारा हात. ह्या येता कुठून.

"मग मला का नाय सांगितलंत, आई?"

सासूनं सूप खाली ठेवलं. पहिल्यांदा तिच्याकडं बघितलं.

"तू मला सांगितलास काय?"

सासूनं सूप परत उचललं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला मंगळी टेकडी उतरून आली. कुणब्यांच्या आळीत ती कधी यायची नाही, आली तरी मागच्या दारानं, कामाला. आज पुढून आली आणि अंगणात उभी राहिली. कडेवर वर्षा, हातात पाकीट. तिला अजूनही कळलेलं नव्हतं काय झालं. ती विचारत होती की बाय, तू येत का नाय, तुला ताप आला काय, ती दुसरी बाय लय वराडते, आणि पोरीनं दोन दिवस काही खाल्लं नाही. बोलता बोलता तिनं वर्षाचा हात वर करून दाखवला, जसं काही दोन दिवसांतच तो सुकला होता.

रेश्मा आत गेली. तवा ठेवला, पीठ भाजलं. वास घरभर पसरला. गरम पाणी, दोन चमचे तेल. वाटी घेऊन ती बाहेर आली आणि मंगळीला म्हणाली, बस. मंगळी जमिनीवर बसायला गेली तर रेश्मानं तिला पडवीची पायरी दाखवली.

समोरच्या ओट्यावर संदेश मोबाइल बघत होता. त्याची बायको भांडी घासत होती. दोघंही थांबले. सासूचं सूप थांबलं.

रेश्मानं चमचा वर्षापुढं धरला. वर्षानं ओठ मिटले. ती चमच्याकडं बघतच नव्हती, ती रेश्माच्या तोंडाकडं बघत होती आणि वाट बघत होती.

"आत नेऊन भरव गो," सासू हळूच म्हणाली. "लोक बघतात."

रेश्मानं पाट ओढला. भिंतीच्या आडून काढून पायरीच्या मधोमध ठेवला, रस्त्याकडं तोंड करून, आणि त्याच्यावर ऐसपैस पसरून बसली. चमच्यात घास भरून घेतला. सावकाश तोंडात घातला, सावकाश चावला, गिळला.

मग वर्षानं तोंड उघडलं.